वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधीची पहिली भेट: विट्याहून निघण्यापूर्वी काय जमवावं

विट्याहून एका भावाने विचारलं आहे: थोरली बहीण ३८ वर्षांची, उंची १५८ सेंटिमीटर, वजन १०४ किलो. सहा वर्षांपासून शुगर, दोन वर्षांपासून बीपी. गुडघे इतके दुखतात की मळ्यातून घरी येताना वाटेत दोनदा बसावं लागतं. पुढच्या महिन्यात पुण्यातल्या बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनची वेळ मिळाली आहे. कोणत्या तपासण्या आधी करून न्याव्यात, कोणते कागद लागतील, आणि तिथे काय विचारावं?

तपासण्यांचं नंतर बघू. पहिल्या भेटीत बरंचसं ठरतं ते ताई काय सांगतात त्यावरून. स्लीव्ह (जठर कापून अरुंद नळी ठेवणं) करायचं की बायपास (जठराचा छोटा कप्पा थेट आतड्याला जोडणं), आत्ता करायचं की तीन महिन्यांनी, की ऑपरेशन नकोच, याचा कल त्या अर्ध्या तासात ठरतो. आणि जे सांगायची लाज वाटते किंवा ‘त्यात काय सांगायचं’ म्हणून जे राहून जातं, नेमकं त्यावरच ऑपरेशनचा प्रकार बदलतो. त्यामुळे या महिन्याभरात खरी तयारी करायची ती माहितीची.

आधी उंची-वजन. १०४ किलोला १.५८ च्या वर्गाने भागलं की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, येतो ४१.७. आता हीच उंची १६२ लिहिली गेली तर बीएमआय येतो ३९.६. हा फरक किरकोळ वाटेल, पण मेडिक्लेमची सरसकट पात्रतेची रेषा ४० वर आहे. उंची चुकते ती साध्या कारणांनी: पायात चप्पल राहते, डोक्यावर अंबाडा असतो आणि पट्टी त्यावरच टेकते. घरी मोजताना अनवाणी, केस सोडून, टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभं राहायला सांगा. डोक्यावर जाड पुस्तक सपाट धरून भिंतीवर खूण करा आणि टेपने मोजा. दवाखान्यातही अशीच मोजायला लावा आणि वजन-उंची तारखेसह केसपेपरवर लिहून घ्या. वजनाचा आकडा मोठा दिसावा म्हणून भेटीआधी मुद्दाम जास्त खाऊ मात्र नका. काही जण असं करतात, आणि त्याने यकृतावर चरबी चढून पुढे सर्जनचंच काम अवघड होतं.

वैद्यकीय निकष विम्यापेक्षा सैल आहेत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बीएमआय ३५ च्या वर असेल तर इतर आजार नसतानाही ऑपरेशनचा सल्ला देता येतो. मधुमेहासारखा आजार असेल तर ३० पासून विचार होतो, आणि आशियाई लोकांसाठी ही रेषा २७.५ पर्यंत खाली येते, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटाभोवतीची चरबी आणि शुगर लवकर गाठते. विमा कंपनी मात्र प्रमाणित अटींवर बोट ठेवते: वय १८ पूर्ण, बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयाच्या स्नायूंचा लठ्ठपणामुळे झालेला आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास थांबण्याचा तीव्र आजार किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांपैकी काहीतरी, तेही साधे उपाय करून झाल्यावर. त्यामुळे ‘डॉक्टर म्हणतात करा, विमा म्हणतो बसत नाही’ असं खरंच घडतं. ‘साधे उपाय करून झाले’ हे तोंडी चालत नाही. आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, जिमच्या पावत्या, वजनाच्या औषधांची बिलं, जे काही घरात सापडेल ते एका फाइलला लावा. पॉलिसीची पूर्ण प्रत न्या, फक्त कार्ड नको. लठ्ठपणाच्या ऑपरेशनला वेटिंग पिरियड किती आहे ते त्या प्रतीतच सापडेल. आणि शुगर-बीपी पॉलिसी घेताना लिहिली होती का, हे आत्ताच बघून ठेवा. प्री-ऑथ, म्हणजे ऑपरेशनआधी मागितलेली विम्याची मंजुरी, फेटाळण्याची वेळ येते ती बऱ्याचदा इथे.

आता औषधं. नावं पाठ करून जाऊ नका, पाकिटंच्या पाकिटं पिशवीत घालून न्या. आपल्याकडे मेडिकलवाला पाच गोळ्या हव्या असल्या की स्ट्रिप कापून देतो. नाव राहतं दुसऱ्या तुकड्यावर, आणि घरात उरतात चार बिननावाच्या पांढऱ्या गोळ्या. असे तुकडे असतील तर मेडिकलमध्ये जाऊन पूर्ण नाव आणि ताकद लिहून आणा: मेटफॉर्मिन ५०० की १०००, साधी की सावकाश विरघळणारी. बायपासनंतर सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या नीट लागू पडत नाहीत, म्हणून हा तपशील सर्जनला लागतो.

यातल्या काही औषधांबद्दल आधीच सांगणं गरजेचं आहे. शुगरच्या ज्या गोळ्यांचं नाव ‘ग्लिफ्लोझिन’ने संपतं (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन), त्या ऑपरेशनआधी साधारण तीन दिवस बंद ठेवतात. कमी खाण्याच्या काळात त्या चालू राहिल्या तर रक्तात आम्ल साठतं, आणि मीटरवर शुगर जवळपास ठीक दिसत असल्याने ते लक्षात येत नाही. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर ऑपरेशनआधीच्या पथ्यात शुगर झपकन खाली जाते, म्हणून डोस कमी करावा लागतो. वजनासाठी किंवा शुगरसाठी आठवड्याला एक इंजेक्शन चालू असेल तर शेवटचं कधी घेतलं त्याची तारीख न्या. त्या औषधाने अन्न जठरात जास्त वेळ राहतं, आणि भूलतज्ज्ञाला ते कळलंच पाहिजे. यातलं काहीही स्वतःहून बंद करू नका. तारीख डॉक्टरच ठरवून देतील.

आता ज्या गोष्टी सांगितल्या जात नाहीत त्या. यावर थोडं सविस्तर लिहितो.

ताईंचे गुडघे दुखतात, म्हणजे डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांपैकी काहीतरी चालू असणार. आठवड्यातून किती गोळ्या, किती इंजेक्शनं, हा आकडा हवा. बायपासमध्ये जठराचा वरचा छोटासा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. या सांध्यावर अशा गोळ्यांनी अल्सर होतो, तो फुटूही शकतो. ज्यांना या गोळ्यांशिवाय भागतच नाही, त्यांच्यासाठी सर्जन बायपासला सहसा हात घालत नाही. पॅरासिटामॉल चालतं.

गुडघ्यांवर ‘गुण येणाऱ्या’ पुड्या किंवा बिनलेबलची काळी गोळी कोणाकडून घेत असतील तर तेही सांगा, आणि एक पुडी सोबत न्या. अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं निघतं. त्याने चार दिवसांत आराम पडतो, पण शुगर, बीपी आणि वजन तिन्ही वाढतात. चेहरा गोल होणं, मानेमागे चरबी, दंडावर सहज निळे डाग, पोटावर रुंद जांभळ्या रेषा अशी लक्षणं असतील तर आधी कॉर्टिसॉलची, म्हणजे शरीरात बनणाऱ्या स्टेरॉइडची तपासणी लागते. आणि अशी पुडी वर्षानुवर्षं घेतली असेल तर ती एका दिवसात बंद करणं धोक्याचं असतं. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं.

मिशरी, म्हणजे दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड. सातारा-सांगलीकडच्या बायकांना ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं, आणि ते त्यांच्या लेखी खोटं नसतं. मिशरीला त्या तंबाखू मानतच नाहीत. पण त्यातलं निकोटीन तेच. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, शिवलेली जागा भरून यायला वेळ लागतो आणि बायपासच्या सांध्यावर अल्सर होतो. दिवसातून किती वेळा लावतात, पहाटे उठल्याबरोबर लागते का, हे लिहा. निदान सहा आठवडे आधी पूर्ण बंद हवी, म्हणजे आजपासूनच. घरात सासू-जावा सगळ्याच लावत असतील तर एकटीने सोडणं फार कठीण जातं. डबीच घरातून हलवा. पुरुष वाचकांसाठी गुटखा आणि दारूचंही हेच. बायपासनंतर दारू रक्तात फार वेगाने चढते आणि व्यसन जडण्याचा धोकाही वाढतो, त्यामुळे खरं प्रमाण सांगा.

सणाला, लग्नाला, देवदर्शनाला पाळी पुढे ढकलायची गोळी. ती कोणी औषधात धरत नाही. पण ती आणि गर्भनिरोधक गोळ्या यांनी पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि १०४ किलोच्या शरीरावर ऑपरेशन हाच मुळात एक धोका असतो. गेल्या तीन महिन्यांत घेतली असेल तर सांगा. ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भ राहू देऊ नये. वजन उतरलं की बंद पडलेली पाळी परत नियमित होते आणि दिवस अनपेक्षितपणे राहू शकतात. बायपासनंतर तोंडाने घेतलेल्या गोळीवर विसंबता येत नाही. तांबीसारख्या पर्यायाबद्दल पहिल्याच भेटीत बोलून घ्या.

‘पित्त होतं’ हा शब्द सर्जनला पुरत नाही. आपण डोकं दुखलं, मळमळलं, आंबट ढेकर आली, या सगळ्याला पित्तच म्हणतो. ताईंना नेमकं विचारा: आडवं झाल्यावर छातीत जळजळ वर चढते का? रात्री तोंडात आंबट पाणी येतं का? झोपेत ठसका लागतो का? पित्ताची गोळी (पँटोप्राझोल) आठवड्यातून किती दिवस घेतात? स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरते एक अरुंद नळी. तिच्यात दाब जास्त असल्याने आम्ल वर ढकललं जातं. आधीच जळजळ जोरात असेल तर स्लीव्हने ती वाढते, आणि मग सर्जन बायपासकडे वळतो. आता हे आणि गुडघ्याच्या गोळ्या एकत्र ठेवून बघा. एक गोष्ट बायपासकडे ओढते, दुसरी स्लीव्हकडे. ताईंच्या बाबतीत पेच नेमका इथे असण्याची शक्यता आहे, म्हणून या दोन्हींची माहिती अर्धवट नेऊ नका.

घोरण्याचं काम तुमच्या भावोजींवर सोपवा. ताईंना स्वतःला ते कळणार नाही. रात्री दोन-तीनच्या सुमारास, उताण्या झोपलेल्या असताना, मोबाइलवर दहा मिनिटं आवाजासह रेकॉर्ड करा. घोरणं थांबतं, दहा-वीस सेकंद शांतता, मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास, असं दिसलं तर रात्रभराची झोपेची तपासणी लागेल आणि ऑपरेशनआधी काही आठवडे श्वासाचं मशीन लावून झोपावं लागेल. भूल देताना आणि त्यानंतरच्या पहिल्या रात्री यानेच घात होतो.

शुगर नेमकी कधी निघाली, इन्सुलिन कधी लागलं का, गोळ्या कधी वाढवल्या, याच्या तारखा काढा. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिनवर गेलेला, तितकी ऑपरेशनने तो मागे हटण्याची शक्यता कमी. सहा वर्षं आणि फक्त गोळ्या असतील तर आशा चांगली आहे, पण वजन परत चढलं की शुगरही परत येते. वजनाचाही असाच इतिहास लिहा: लग्नात किती, प्रत्येक बाळंतपणानंतर किती, आजवरचं सर्वांत जास्त किती, कोणत्या उपायाने किती उतरलं आणि किती महिन्यांत परत आलं.

आहाराची वही सात दिवसांची. बाजाराचा दिवस, उपवासाचा दिवस आणि एखादं बाहेरचं जेवण त्यात आलं पाहिजे. ‘भाजी-भाकरी’ असं लिहून उपयोग नाही. भाकऱ्या किती, आमटीच्या वाट्या किती, कोरड्यासात कूट किती, शेंगदाण्याची चटणी किती चमचे, भडंग किती मुठी. चहा वेगळा लिहा: दिवसाचे चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅम, १६० कॅलरी, आणि त्या कुठेच जेवण म्हणून मोजल्या जात नाहीत. तेल मोजायची सोपी रीत म्हणजे डबा फोडला त्या दिवशी झाकणावर तारीख घालायची. पाच माणसांत पाच लिटर महिन्यात संपलं तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज ३३ मिलि, सुमारे २७० कॅलरी. मूठभर शेंगदाण्याचा कूट, ३० ग्रॅम धरला तर आणखी १७०. ‘मी काहीच खात नाही, तरी वजन वाढतं’ असं सांगणारी बाई खोटं बोलत नसते. तिच्या ताटात खरंच फार काही नसतं. मोजायचं असतं ते कढईतलं आणि कपातलं. रात्री सगळे झोपल्यावर काही खाल्लं जातं का, रडू आल्यावर खाल्लं जातं का, हेही वहीत येऊ द्या. मानसतज्ज्ञांची भेट यासाठीच असते, नापास करण्यासाठी नव्हे.

स्वयंपाक ज्यांच्या हातात आहे त्या व्यक्तीला भेटीला सोबत न्या. सासूबाई करत असतील तर सासूबाईंना. ऑपरेशननंतर दोन आठवडे पातळ, मग दोन आठवडे घोटलेलं, मग मऊ, आणि कायम रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं. अर्धा लिटर दुधात १५-१६ ग्रॅम, दोन अंड्यांत १२, शिजलेल्या घट्ट डाळीच्या वाटीत पाच-सहा. बेरीज करून बघितली की शाकाहारी घरात हे किती अवघड आहे ते कळतं. नवरात्राचे नऊ दिवस आणि आषाढीची वारी त्या वर्षी कशी सांभाळायची, हे आहारतज्ज्ञांना मोकळेपणाने विचारा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, आणि दिंडीत चालताना पाणी कमी पडलं तर महागात पडतं. दाढा पडल्या असतील तर आधी दातांचे डॉक्टर गाठा. घास चावून अगदी बारीक होणार नसेल तर भाकरी नव्या जठराच्या तोंडाशी अडकते.

आता तपासण्या. गावाकडून निघताना एवढ्या करून न्या: हिमोग्लोबिनसह रक्ताची पूर्ण तपासणी, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), यकृताची तपासणी, थायरॉइड, लिपिड, व्हिटॅमिन बी१२ आणि डी, आणि फेरिटिन (लोहाचा साठा). गेल्या तीन महिन्यांत झालेल्या असतील तर परत नकोत. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ कमी निघू शकतं, आणि लोह कमी असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. एंडोस्कोपी, टू-डी इको, पोटाची सोनोग्राफी, झोपेची तपासणी इथे करू नका. पुण्यातले डॉक्टर त्यांच्या पद्धतीने परत करतात आणि पैसे दोनदा जातात. पँटोप्राझोल चालू असताना जठरातल्या जंतूची तपासणी फसवी येऊ शकते. गोळी किती दिवस थांबवायची ते एंडोस्कोपीची तारीख घेतानाच विचारा. पूर्वीच्या सिझेरियनची, पित्ताशयाच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनची डिस्चार्ज समरी मात्र शोधाच. पोटात आतून चिकटलेलं असेल तर दुर्बिणीच्या कामाचा अंदाज त्यावरून येतो.

विचारायचे प्रश्न थोडेच, पण स्पष्ट. ताईंसाठी हेच ऑपरेशन का, दुसरं का नको? वर्षाला अशी किती करता, किती जणांना शिवलेल्या जागेतून गळती झाली, किती जणांना परत टेबलावर घ्यावं लागलं? इंजेक्शनच्या औषधांनी आधी प्रयत्न करण्यासारखं आहे का? वजन किती उतरेल? सरासरीने एकूण वजनाच्या २५ ते ३० टक्के, म्हणजे ताईंचे २६ ते ३१ किलो, वजन ७३ ते ७८ च्या आसपास. कोणी ‘लग्नाच्या वेळचं वजन परत आणून देतो’ म्हणालं तर दुसरं मत घ्या. पॅकेजमध्ये स्टेपलरची (जठर कापून शिवणाऱ्या उपकरणाची) कार्ट्रिज जास्त लागली तरी रक्कम तीच का, आयसीयूचा दिवस वाढला तर काय, गुंतागुंत झाली तर तो खर्च कोणाचा, हे लेखी मागा. आयुष्यभराच्या व्हिटॅमिन, लोह, कॅल्शियमच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च आणि पहिल्या वर्षातल्या पुण्याच्या चार-पाच फेऱ्या हिशेबात धरा. ऑपरेशनआधी दोन आठवडे ८०० ते १००० कॅलरींचं पथ्य मिळेल. ते पाळा, कारण यकृताचा डावा भाग जठरावर झाकणासारखा असतो आणि त्याने तो आकसतो. ‘आता पुढे खाता येणार नाही’ म्हणून त्याच आठवड्यात पाहुण्यांकडे जेवणावळी झाल्या की दुर्बिणीला जागाच राहत नाही.

शेवटची गोष्ट विट्यासाठी खास महत्त्वाची, कारण ऑपरेशन पुण्यात होणार आणि ताई घरी राहणार. रात्री फोन कोण उचलतो, त्या माणसाचा नंबर घ्या. तातडीला पुण्यापेक्षा कराड किंवा मिरज जवळ पडेल. तिथे कोणाकडे जायचं हे सर्जनकडूनच ठरवून घ्या. पहिल्या काही आठवड्यांत नाडी १२० च्या पुढे, ताप, धाप किंवा डाव्या खांद्यात दुखणं, यांतलं काहीही आलं तर गॅस समजून वाट बघू नका. ती गळती असू शकते, आणि पोट न दुखताही ती होते. दुसरं म्हणजे उलट्या. एक-दोन दिवस काहीच पोटात ठरत नसेल तर घरचे जवळच्या दवाखान्यात नेतात आणि ग्लुकोजची सलाइन लागते. अशा वेळी शरीरातलं बी१ संपत आलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते: चाल अडखळते, एकाचे दोन दिसतात, बोलणं असंबद्ध होतं, आणि हे नुकसान कायमचं राहू शकतं. म्हणून सर्जनच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून घ्या: कोणतं ऑपरेशन, कोणत्या तारखेला, डायक्लोफेनॅकसारखी इंजेक्शनं-गोळ्या नकोत, उलट्या असतील तर ग्लुकोजच्या आधी बी१ चं इंजेक्शन, नाकातून नळी टाकण्याआधी फोन करा. एक प्रत ताईंच्या पर्समध्ये, एक तुमच्या मोबाइलमध्ये आणि एक विट्यातल्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या हातात, ऑपरेशनला जाण्याच्या आधीच.